धरायला कुणीतरी

सूचनांच्या कागदावर दोन माणसं काढली होती,
एक शिडीवर, एक खाली,
दोघंही बिनतोंडाची, दोघंही निवांत.
मी एकटी होते.

लेक चार्ल्समधला ऑगस्ट.
भिंतीला टेकावं तर भिंतही घामेजलेली.
वीजवाल्यानं जो आकडा सांगितला
त्यात पंखे दोन आले असते,
म्हणून जुना मीच उतरवला.
मेन बंद. टेस्टर तारेला दोनदा लावला,
तिसऱ्यांदा नुसत्या भीतीपोटी.
मग छतातल्या भोकात डोकावले:
तुळई होती जागेवर, साध्या पाइनची,
तिच्यावर कुणा सुतारानं पेन्सिलीनं केलेली बेरीज,
चुकलेली.

नव्या पंख्यासोबत एक आकडा येतो म्हणे,
मोटर त्याला टांगायची आणि हात मोकळे ठेवायचे.
खोकं उलटं केलं, थर्मोकोलचा चुरा केला,
पैशांचा आकडा मिळाला होता, लोखंडाचा नाही.

मोटर वीस पौंडांची.
गल्लीत त्या दुपारी घरी एकच माणूस होता.
क्लोव्हिस आर्सेनो, कुंपणापलीकडचा,
ज्याच्याशी मी मार्चपासून बोलत नव्हते.
पेकानचं झाड. बुंधा माझ्याकडे, फांद्या त्याच्या छपरावर,
आणि त्याच्या वकिलाचं पत्र
माझ्या जेवणाच्या टेबलावर.

हाक मारली नाही.
कुंपणाशी जाऊन उभी राहिले, हातात स्क्रू-ड्रायव्हर.
तो म्हणाला, "मेन बंद केलास?"
एवढंच.

मग तो माझ्या घरात, माझ्या खुर्चीवर उभा,
दोन्ही हात वर, तळव्यांवर मोटर,
पुरातून रेडिओ वाचवत निघालेल्या माणसासारखा.
मी शिडीवर. नाकासमोर त्याचं टक्कल,
त्यावरून घामाचा एक थेंब कानाकडे निघालेला.
काळी काळीला, पांढरी पांढरीला,
उघडी तांब्याची हिरवीला.
प्रत्येक जोडावर प्लॅस्टिकचं टोपडं,
तान्ह्या बाळाला घालतात तसं, पण घट्ट पिळून.
ओढून बघायचं.
पांढरं निसटलं.
पुन्हा निसटलं.
"सावकाश," तो म्हणाला,
आणि त्याचे दंड लटलटत होते.

निघून जाता येत नाही
तेव्हा माणूस काय बोलतो?
झाडाचं नाही बोलला.
म्हणाला, मार्सेलला पंख्याखाली झोप यायची नाही,
तिला वाटायचं, हा पडणार.
"चाळीस उन्हाळे घामात काढले.
आता पंखा आहे. झोप नाही."
माझ्या ओठांत एक स्क्रू धरलेला होता.
बरं झालं, होता.

पाती बसवली. मेन लावला. साखळी ओढली.
फिरला,
आणि लग्नात जरा जास्त झालेल्या मामासारखा
डुलायला लागला.
मी म्हटलं, परत देऊन येते दुकानात.
क्लोव्हिसनं खिशातून पाच सेंटचं नाणं काढलं,
चिकटपट्टीनं एका पात्याच्या पाठीवर लावलं.
डुलणं वाढलं.
थांबवला. दुसरं पातं. मग तिसरं.
मी चहा विचारायचं विसरले, की विचारला नाही,
आता आठवत नाही.
चौथ्या पात्यावर पंखा सरळ झाला.

तेव्हा कुठे वारा टेबलापर्यंत पोचला
आणि वकिलाचं पत्र उठलं,
एका कोपऱ्यावर थरथरत उभं राहिलं.
त्यानंही पाहिलं, मीही.
वाटलं, उडू देईल.
त्यानं साखरेची बरणी उचलली
आणि पत्रावर ठेवली,
नीट, मधोमध,
आणि खुर्ची होती तिथं लावून गेला.

तारीख सप्टेंबरात आहे. झाड उभं आहे.
रात्री वेग वाढवला की वर बारीक टकटक होते,
चिकटपट्टी सुटत चालली असावी.
शिडी आहे. चढून बघता येईल.
पण नाणं त्याचं आहे,
आणि शिडी धरायला
कुणीतरी लागेल.